उन्हाने विटणे, ठिसूळ होणे, खवट होणे : सगळ्यांना मिळून एक शब्द?

गच्चीवरची : दोरीवर वर्षभर राहिलेले प्लास्टिकचे चिमटे काल हात लावताच कटाकट तुटले. निळ्या ताडपत्रीचेही पापुद्रे सुटतायत. ऊन आणि हवा मिळून हे करतात म्हणे. या क्रियेला मराठीत काय म्हणायचं? लेखात 'फोटो-ऑक्सिडेशन' लिहायचं जिवावर आलंय.

जुनी वही : प्रकाश-ऑक्सिडीकरण. शाळेत ऑक्सिडीकरण आणि क्षपण जोडीने शिकलोच की.

विभक्ती : 'करण' म्हणजे करणे, 'भवन' म्हणजे होणे. कारखान्यात मुद्दाम घडवलं तर ऑक्सिडीकरण. चिमट्याचं आपसूक झालं, म्हणून ऑक्सिडीभवन. विश्वकोशात हे रूप भेटतं.

जुनी वही : विश्वकोशात भेटतं, बाहेर कुणाच्या तोंडी नाही.

गच्चीवरची : मग 'प्रकाशविघटन'? सुटसुटीत आहे.

रसायनवाला : नको. फोटोच्या फिल्ममधलं सिल्व्हर ब्रोमाइड उजेडात करडं पडतं ते प्रकाशविघटन, त्याला ऑक्सिजन लागत नाही. चिमटा बहुधा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचा. अतिनील किरणांनी रेणूच्या साखळीत एखादा बंध तुटतो, मोकळ्या जागी ऑक्सिजन चिकटतो, पेरॉक्साइड होतं. ते फुटलं की शेजारच्या साखळीचा नंबर. लांब साखळ्यांचे तुकडे झाले की लवचीकपणा गेला. पाण्याच्या टाक्या काळ्या असतात त्या यासाठीही : त्यातली काजळी किरण स्वतः शोषून घेते.

हळदकुंकू : पण बोलीत प्रत्येक परिणामाला वेगळा शब्द आहे. वर्तमानपत्र 'पिवळं पडतं' (कागदात उरलेल्या, लाकडातल्या लिग्निन या द्रव्यामुळे). साडी 'विटते', हळदीचा डाग मात्र 'उडतो'. साबणाने तो आधी लाल होतो, तेव्हा घाबरू नये, सरळ उन्हात टाकावं. हळदीचा पिवळा रंग, करक्युमिन, उजेडात टिकत नाही. विटण्यात थोडी नाराजी आहे, जीवही विटतोच ना! डाग विटला असं कुणी म्हणणार नाही, कारण तो जायलाच हवा होता.

गच्चीवरची : वा! आणि 'खवट'?

रसायनवाला : तो शब्द कारण सांगत नाही. अंधाऱ्या फडताळातलं तेलही खवट होतंच. उजेडातली वाट वेगळी. तेलात उरलेलं हरितद्रव्य प्रकाश शोषून ती ऊर्जा ऑक्सिजनला देतं आणि असा चेतवलेला ऑक्सिजन तेलातल्या लिनोलेइक या मेदाम्लावर साध्या ऑक्सिजनच्या हजारपटीहून जास्त वेगाने तुटून पडतो. म्हणून गडद बाटली.

गच्चीवरची : ठरलं. एकदा 'प्रकाश-ऑक्सिडीभवन' लिहिते, पुढे सगळीकडे 'उन्हाने खाल्लेलं'. वाळवीने खाल्लेलं चालतं, तर हे का नको?

विभक्ती : चिमट्याला चालेल. दुकानात ट्यूबलाइटखाली ठेवलेल्या तेलाला ऊन कुठलं?