मदत हवी आहे: इंड एएसची पुस्तकं आयएफआरएसमध्ये पाठवताना नेमकं काय बदलावं लागतं?

खतावणी

नमस्कार मंडळी,

मी एका उत्पादन कंपनीच्या वित्त विभागात आहे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही, पण नेटवर्थ २५० कोटींच्या वर असल्यामुळे दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे १ एप्रिल २०१७ पासून आम्ही इंड एएसवर, म्हणजे आयएफआरएसवर बेतलेल्या भारतीय लेखामानकांवर आलो. अलीकडे एका युरोपीय समूहाने आमचे बहुसंख्य शेअर्स घेतले. त्यांच्या एकत्रित हिशेबांसाठी आता दर तिमाहीला आयएफआरएसनुसार, म्हणजे आंतरराष्ट्रीय लेखामानकांनुसार, रिपोर्टिंग पॅक (समूहाच्या ठरलेल्या नमुन्यातले आमचे आकडे) पाठवायचा आहे आणि ते काम माझ्याकडे आलंय.

विभागात दोन मतं आहेत. एक मत असं, की इंड एएस म्हणजे आयएफआरएसच, फक्त क्रमांकांत शंभराची भर: आयएफआरएस ९ चं १०९, १५ चं ११५, १६ चं ११६. तेव्हा आहेत ते आकडे युरोत रूपांतरित करून पाठवा. दुसरं मत असं, की इतके कार्व्ह-आऊट (मूळ मानकापेक्षा मुद्दाम वेगळे ठेवलेले भारतीय नियम) आहेत की सगळं पहिल्यापासून मांडावं लागेल. मला दोन्ही पटत नाहीत, म्हणून दोन्हीकडची मानकं शेजारी ठेवून परिच्छेद ताडत बसले. इंड एएसमधल्या बऱ्याच मानकांच्या शेवटी मूळ मानकाशी असलेले फरक परिशिष्टात दिलेले असतात, त्याची मोठी मदत झाली. आम्हाला लागू पडतील असे हे फरक सापडले:

यंत्रसामग्री. इंड एएस लागू करताना आम्ही जुन्या लेखामानकांनुसारची पुस्तकी किंमत हीच मानीव किंमत, म्हणजे नव्या पुस्तकातली सुरुवातीची किंमत म्हणून धरली. इंड एएस १०१ ने ती मुभा दिली होती. आयएफआरएस १ मध्ये अशी सरसकट मुभा नाही. मग २०१६ पासूनचा सगळा घसारा पुन्हा मोजायचा का? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतोय, कारण काही यंत्रांची मूळ बिलं मिळणंसुद्धा कठीण आहे.

परकीय चलनातलं कर्ज. एक जुनं, लांब मुदतीचं डॉलरमधलं कर्ज अजून फिटायचं आहे. त्यावरचा विनिमय फरक आम्ही यंत्राच्या किमतीत मिळवतो. जुनी पद्धत चालू ठेवण्याची सवलत आम्ही घेतली होती.

भाड्याने दिलेली इमारत. इंड एएस ४० प्रमाणे ती खर्चाच्या किमतीवर आहे, रास्त मूल्य (आजच्या बाजारात मिळेल ती किंमत) फक्त टिपेत देतो. आयएएस ४० मध्ये (आयएएस ही आयएफआरएसच्याच संचातली जुनी मानकं) रास्त मूल्याचं मॉडेल निवडता येतं.

ग्रॅच्युइटी. पुढचं देणं आजच्या किमतीत आणायला आमच्याकडे सरकारी रोख्यांचा दर, तिकडे उच्च प्रतीच्या कॉर्पोरेट रोख्यांचा.

विलीनीकरण. विक्रीच्या आधी एक भगिनी कंपनी आमच्यात विलीन झाली. इंड एएस १०३ च्या परिशिष्ट क प्रमाणे आम्ही मालमत्ता आणि देणी पुस्तकी किमतीला घेतली. आयएफआरएस ३ तर समान नियंत्रणाखालच्या व्यवहारांना हातच लावत नाही.

खर्चाचं वर्गीकरण. आम्ही स्वरूपानुसार दाखवतो: कच्चा माल, पगार, घसारा. त्यांच्या पॅकमध्ये कार्यानुसार रकाने आहेत: विक्रीचा खर्च, वितरण, प्रशासन.

प्रश्न दोन. यातल्या कशासाठी खरंच समायोजनाची नोंद लागेल आणि कशासाठी नाही? आणि माझ्या नजरेतून काही सुटलंय का? ज्यांनी असे पॅक प्रत्यक्ष केलेत त्यांनी कृपया लिहा. पहिला पॅक नीट गेला नाही तर पुढच्या प्रत्येक तिमाहीत तीच चूक पुढे ओढली जाणार, म्हणून इतक्या तपशिलात विचारतेय.

रोजकीर्द

चांगली यादी केली आहे तुम्ही. आधी पहिल्या मताबद्दल. इंड एएस आयएफआरएसच्या खूप जवळ आहे, पण तंतोतंत तेच नाही. आयएएस १ नुसार आयएफआरएसचं पालन केल्याचं विधान स्पष्ट आणि विनाअट करावं लागतं, आणि ते प्रत्येक मानकाची प्रत्येक अट पाळली असेल तरच करता येतं. इंड एएसवर हिशेब करणारी कंपनी केवळ त्या आधारावर असं विधान करू शकत नाही.

तारखाही वेगळ्या असतात. आयएफआरएस १५ हे १ जानेवारी २०१८ पासून आणि इंड एएस ११५ हे १ एप्रिल २०१८ पासून लागू झालं. भाडेकराराच्या मानकात २०१९ मध्ये तसंच झालं. हे फरक आता मागे पडलेत, पण आयएफआरएस १८ च्या, म्हणजे विवरणांच्या मांडणीच्या नव्या मानकाच्या वेळी पुन्हा लक्ष ठेवावं लागेल. ते १ जानेवारी २०२७ पासून लागू आहे आणि तुलनेसाठी आधीच्या वर्षाचे आकडेही त्याच मांडणीत मागितले जातील.

तेरीज

मी अशा पॅकवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

खतावणी, तुमची यादी बरोबर आहे, पण ती तुमच्या कंपनीच्या जागेवरून केली आहे. पॅक मात्र समूहाच्या एकत्रित हिशेबात जाणार आहे. समूहाच्या दृष्टीने तुमची कंपनी जन्मली ती त्यांनी तिच्यावर ताबा मिळवला त्या दिवशी. त्या दिवशी आयएफआरएस ३ प्रमाणे तुमची प्रत्येक मालमत्ता आणि प्रत्येक देणं त्यांना रास्त मूल्याने घ्यावं लागतं, काही ठरावीक अपवाद सोडून. म्हणजे तुमच्या यंत्रांची समूहाच्या पुस्तकातली सुरुवातीची किंमत ही त्या तारखेचं रास्त मूल्य. २०१६ ची मानीव किंमत बरोबर होती की नाही, हा प्रश्नच तिथे उरत नाही. जुनी बिलं शोधत बसू नका.

विलीनीकरणाचंही तेच. ते ताब्याच्या आधी झालं, म्हणून समूहासाठी तो भूतकाळ. उद्या समूहाचीच दुसरी कंपनी तुमच्यात विलीन झाली, तर परिशिष्ट क नुसार तुमच्या स्थानिक विवरणांत आधीच्या वर्षाचे आकडेही बदलावे लागतील, पण एकत्रित हिशेबात काहीच हलणार नाही, कारण दोन्ही आधीपासून त्याच घरातल्या.

इथे एक प्रश्न मात्र समूहाला आजच विचारा: रास्त मूल्यामुळे वाढलेली किंमत आणि तिच्यावरचा जादा घसारा कोण सांभाळणार? काही समूह तो मुख्यालयात ठेवतात आणि तुमच्याकडून फक्त मूळ किमतीवरचे आकडे मागतात. काही समूह तुमच्याच पॅकमध्ये वेगळ्या रकान्यात मागतात. हे लेखी ठरलं नाही तर जादा घसारा दोन्हीकडे लागतो किंवा कुठेच लागत नाही. यंत्र विकल्यावर नफा काढताना तर हमखास गोंधळ होतो.

आता कर्ज. यादीतला खरा, दर तिमाहीला नोंद मागणारा फरक हाच आहे. समजा १ कोटी डॉलरचं कर्ज आहे आणि वर्षभरात रुपया २ रुपयांनी घसरला. फरक २ कोटी रुपयांचा. तुमच्या पुस्तकात तो यंत्राच्या किमतीत जातो आणि यंत्राचं आयुष्य १० वर्षं उरलं असेल तर वर्षाला साधारण २० लाखांचा घसारा वाढतो. आयएएस २१ प्रमाणे पूर्ण २ कोटी त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा. तेव्हा पॅकमध्ये ताब्याच्या तारखेनंतरचा विनिमय फरक मालमत्तेतून काढा, त्यावर धरलेला घसारा उलटवा आणि दोन्हींवरचा डिफर्ड टॅक्स (या फरकामुळे पुढे भरावा लागणारा किंवा वाचणारा कर) धरा. तिसरी पायरी बहुतेक जण विसरतात. कर्ज फिटलं तरी किमतीत मिळवलेली रक्कम यंत्राबरोबर राहते, त्यामुळे ही समायोजनाची वही यंत्राचं आयुष्य संपेपर्यंत चालवावी लागेल.

ग्रॅच्युइटीत फरक कागदावर दिसतो तेवढा प्रत्यक्षात नाही. आयएएस १९ च म्हणतं, की ज्या चलनात उच्च प्रतीच्या कॉर्पोरेट रोख्यांचा सखोल बाजार नाही, तिथे सरकारी रोख्यांचा दर वापरा. रुपयातल्या देण्यांसाठी म्हणूनच तिकडेही सर्रास सरकारी रोख्यांचा दर घेतात. समूहाच्या ॲक्च्युअरीची (अशा देण्यांचं गणित करणाऱ्या तज्ज्ञाची) यावर संमती घेऊन ठेवा, विषय संपतो.

इमारतीबाबत उत्तर तुमच्या हातात नाही, समूहाचं धोरण काय आहे त्यावर आहे. ते खर्चाच्या किमतीवर असतील तर ताब्याच्या दिवशीच्या मूल्यापासून घसारा पुढे चालू. रास्त मूल्यावर असतील तर घसारा बंद, मूल्यातला बदल थेट नफा-तोट्यात, आणि दर पॅकला मूल्य ठरवावं लागेल. टिपेसाठी वर्षातून एकदा घेत होतात ते मूल्यांकन मग पुरणार नाही.

वर्गीकरण हे हिशेबाचं कमी आणि यंत्रणेचं जास्त काम आहे. पगार कारखान्याचा किती, विक्री विभागाचा किती, कार्यालयाचा किती, हे कॉस्ट सेंटरवरून (विभागवार खर्चाच्या नोंदींवरून) निघायला हवं. वर्षअखेरीला टक्केवारी लावून वाटणी केली तर ऑडिटर एकेका टक्क्याचा आधार मागतो, आणि त्याचं चूक नसतं. शिवाय आयएफआरएस १८ आल्यावर कार्यानुसार मांडणाऱ्यांनाही घसारा, कर्मचारी खर्च वगैरे स्वरूपानुसार टिपेत द्यावे लागणार आहेत. म्हणून तुमची आत्ताची मांडणी टाकून देऊ नका, दोन्ही बाजूंनी उत्तर देईल अशी खाती लावा.

रोख प्रवाहाचं तुम्ही लिहिलं नाहीत. इंड एएस ७ मध्ये बिगरवित्तीय कंपनीला दिलेलं व्याज वित्तपुरवठ्यात आणि मिळालेलं व्याज व लाभांश गुंतवणुकीत दाखवावे लागतात, पर्याय नाही. आयएएस ७ मध्ये आतापर्यंत पर्याय होता, तेव्हा समूह व्याज कामकाजात दाखवत असेल तर रक्कम हलवावी लागेल. गंमत अशी, की आयएफआरएस १८ सोबत बहुतेक कंपन्यांचा तो पर्याय जाणार आहे आणि आंतरराष्ट्रीय नियम आपल्या पद्धतीशी जुळणार आहे.

नवशिका_सीए

फार उपयोगी धागा. एक उपप्रश्न. खरेदीदार युरोपीय नसून अमेरिकन असता तर? परीक्षेसाठी दोन्हींच्या तुलनेचा तक्ता पाठ केलाय, पण प्रत्यक्षात काय दुखतं ते कळत नाही.

रोजकीर्द

तेव्हा काम वाढलं असतं. यूएस गॅपमध्ये, म्हणजे अमेरिकन लेखामानकांत, नव्या उत्पादनाच्या विकासाचा खर्च बहुतांशी लगेच खर्ची पडतो, सॉफ्टवेअरसारखे अपवाद सोडून. आयएएस ३८ मध्ये अटी पूर्ण झाल्या की तो मालमत्ता म्हणून धरावाच लागतो. वापरातल्या मालमत्तेचं मूल्य एकदा घटवलं की तिकडे ते परत वाढवता येत नाही. आयएएस ३६ मध्ये गुडविल (कंपनी घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली रक्कम) सोडून बाकीच्यांचं वाढवता येतं. भाडेकरार दोन्हीकडे ताळेबंदात येतात, पण तिकडे ऑपरेटिंग लीजचा खर्च दरवर्षी साधारण सारखा पडतो, तर आयएफआरएस १६ मध्ये सुरुवातीची वर्षं जड जातात. लिफो (शेवटी आलेला माल आधी खपला असं धरून साठ्याची किंमत काढणं) तिकडे चालतं, आयएएस २ ला आणि आपल्यालाही चालत नाही. महसुलाचं मानक मात्र दोघांनी मिळून मे २०१४ मध्ये आणलं, तिथे फारसं दुखत नाही.

मानकांच्या फरकाने आकडा किती हलतो याचं उदाहरण हवं असेल तर डाइमलर-बेंझचं १९९३ सालचं बघ. न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदणी झाली त्या वर्षी जर्मन नियमांनी ६१५ दशलक्ष मार्कांचा नफा होता, अमेरिकन नियमांनी तोच १,८३९ दशलक्ष मार्कांचा तोटा झाला. जर्मन नियमांत गुप्त राखीव निधी ठेवायला आणि वाईट वर्षी तो नफ्यात सोडायला वाव होता. तक्ता पाठ कर, पण प्रत्येक ओळीसमोर 'यात नफा कोणत्या वर्षातून कोणत्या वर्षात सरकतो' एवढं लिहून ठेव. लक्षात राहील.

खतावणी

रोजकीर्द, तेरीज, मनापासून आभार. 'समूहाच्या दृष्टीने कंपनी ताब्याच्या दिवशी जन्मली' या एका वाक्याने यंत्रांचं ओझं उतरलं. कर्जाची स्वतंत्र वही आजच सुरू केली. जादा घसाऱ्याबद्दल आणि इमारतीच्या धोरणाबद्दल मुख्यालयाला ईमेल गेली आहे.

एक राहिलं. त्यांचं वर्ष डिसेंबरला संपतं, आमचं मार्चला. ऑडिट झालेले मार्चचे आकडे तीन महिन्यांच्या फरकाने चालतील का?

तेरीज

आयएफआरएस १० मध्ये तारखांतला फरक तीन महिन्यांपेक्षा जास्त नसावा असं आहे, पण ती सवलत समूहाच्या तारखेचे आकडे तयार करणं व्यवहार्य नसेल तरच. तुम्ही तिमाही पॅक देणारच आहात, तेव्हा डिसेंबरअखेरचे आकडे देता येत नाहीत हे कोणी मान्य करणार नाही. डिसेंबरची अखेर वर्षअखेरीसारखीच करा: साठ्याची मोजणी, येणी बुडण्याची तरतूद, झालेल्या पण बिल न आलेल्या खर्चांच्या नोंदी, सगळं.

कायमचा उपाय हवा असेल तर कंपनी कायद्याच्या कलम २(४१) मध्ये परदेशी कंपनीच्या उपकंपनीला एकत्रीकरणासाठी वेगळं आर्थिक वर्ष ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. तो आता केंद्र सरकारकडे करायचा असतो, पूर्वी न्यायाधिकरणाकडे होता. पण आयकरासाठी मार्च सुटत नाही, म्हणजे दोन अखेरी राहतातच. संचालक मंडळासमोर हा विषय नेण्याआधी कर सल्लागाराशी बोला.

आणि ॲक्च्युअरीला आत्ताच कळवा. डिसेंबरचं मूल्यांकन त्यांच्या वेळापत्रकात नसेल, आणि कर्मचाऱ्यांची माहिती त्यांना नोव्हेंबरातच लागेल.