मदत हवी आहे: ‘काइंड ऑफ ब्लू’च्या जुन्या एलपीची पहिली बाजू किती टक्के हळू करायची?

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमची 1992च्या आधीची, म्हणजे वेग दुरुस्त होण्याआधीची एलपी माझ्याकडे आहे. 2 मार्च 1959च्या ध्वनिमुद्रणाच्या सत्रात मूळ टेप-मशीन किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे जरा वेगात आणि चढ्या सुरात वाजतात, हे माहीत आहे. 22 एप्रिलची दुसरी बाजू ठीक आहे. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हा फरक फारच टोचतो!

टर्नटेबलचा दोष नाही. पट्टा नवा आहे, 50 हर्ट्झच्या स्ट्रोब तबकडीवर वेग बरोबर 33⅓ दिसतो. पिच कंट्रोल मात्र नाही. म्हणून दोन्ही बाजू 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर लॅपटॉपवर उतरवल्या आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अंदाजाने वेग कमी करून पाहिला. वेग आणि सूर एकत्र बदलणारी सोयच वापरतोय, नुसता सूर उतरवणारी नाही. पण ट्यूनर पहिल्या बाजूच्या ‘सो व्हॉट’ या तुकड्यात बेसवर एक सांगतो, पियानोवर दुसरंच. ट्रम्पेटच्या तर नादीच लागलो नाही.

दुरुस्त केलेली नवी आवृत्ती घ्या, असं कृपया सुचवू नका. ती आहे, पण मला याच तबकडीचा आवाज हवा आहे.

नवी आवृत्ती समोर ठेवून तुकड्याची लांबी जुळवावी, की दुसऱ्या बाजूच्या पियानोशी सूर? दोन सत्रांच्या मधे पियानो पुन्हा लावला गेला असेल, तर दुसरा मार्ग फसेल ना? आणि कोणी हे आधी केलं असेल, तर नेमके किती टक्के धरले?