मदत हवी आहे: मुलांच्या फुटबॉल वर्गासाठी सुरक्षेचे नियम

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्यात आम्ही काही पालक मिळून 8 ते 14 वयाच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवतो. ओहोटी असली की घट्ट वाळूवर, एरवी मैदानात.

परवा काळोख पडल्यावर एक मुलगी ओले बूट हातात धरून एकटीच थांबली होती. शेवटी प्रशिक्षकांनी तिला बाईकवरून घरी सोडलं. माणूस चांगला आहे, वावगं काही घडलं नाही. पण मला रात्रभर झोप लागली नाही. आमच्याकडे नियमच नाहीत!

फिफाचा (जागतिक फुटबॉल संघटना) खेळातल्या मुलांच्या सुरक्षेसाठीचा 2019 चा ‘गार्डियन्स’ उपक्रम वाचला. एकट्या मुलासोबत एकटा मोठा माणूस नको, मुलांना खासगी मेसेज नकोत, हे पटलं. 1098 या मुलांच्या मदत क्रमांकाचा फलकही लावतोय. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याप्रमाणे (2012) संशय आला तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘आपापसात मिटवू’ चालत नाही, हे बऱ्याच पालकांना ठाऊकच नव्हतं.

कुणाकडे मराठीत लिहिलेली नियमावली आहे का? प्रशिक्षकांची पोलीस पडताळणी कशी करून घेतलीत? आणि कुडाळ, रत्नागिरीला मुक्कामी सामन्यांना जाताना झोपण्याची व्यवस्था कशी ठेवता? पुढच्या महिन्यात जायचंय, कृपया लवकर सांगा.