मदत हवी आहे: बसचा मागचा डावा एअर बलून रात्रीत बसतो

बस १२ मीटरची आहे, एअर सस्पेन्शनची (म्हणजे हवा भरलेल्या रबरी बलूनवर उभी). लेव्हलिंग व्हॉल्व्ह (बलूनमध्ये हवा भरून किंवा सोडून गाडीची उंची कायम ठेवणारे) तीन: पुढे एक, मागे डावी-उजवीकडे एकेक. रात्री गाडी सरळ उभी असते, सकाळी मागची डावी बाजू पार खाली. इंजिन सुरू केल्यावर हवेची टाकी भरली की दहा मिनिटांत लेव्हलला येते आणि दिवसभर, भरलेल्या गाडीतही, काही त्रास नाही.

आतापर्यंत केलेलं: डाव्या बाजूचे दोन्ही बलून, वरची प्लेट, नळ्या आणि जोड यांवर साबणाचं पाणी मारलं (चासीखाली घोड्या लावूनच, नुसत्या हवेच्या भरवशावर कुणी खाली जाऊ नये). कुठेही बुडबुडे नाहीत. व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टलाही (हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडालाही) नाहीत. व्हॉल्व्हला अ‍ॅक्सलशी जोडणारा लिंक रॉड सरळ आहे, बुश घट्ट आहेत. जागा बदलूनही पाहिली, म्हणजे उताराचा प्रश्न नाही.

एक गोष्ट खटकते. सस्पेन्शनच्या टाकीतली हवाही रात्रीत उतरते, ब्रेकच्या टाक्या मात्र भरलेल्या राहतात. मग बलूनमधली हवा व्हॉल्व्हमधून उलटी टाकीत जात असेल का? व्हॉल्व्हच्या आतला नॉन-रिटर्न (हवा उलटी जाऊ न देणारा भाग) खराब झाला तर असंच होईल, असं मला वाटतं. पण उजवी बाजू टिकून आहे.

नवा व्हॉल्व्ह घेण्याआधी खात्री हवी आहे. गाडी रोज दुपारी फक्त चार तास मोकळी असते. डावा-उजवा व्हॉल्व्ह अदलाबदल करून दोष उजवीकडे जातो का हे पाहणं पुरेसं आहे, की व्हॉल्व्ह न काढता नॉन-रिटर्न तपासायची एखादी पद्धत आहे?