पाणी रोज घटते, पण गळती दिसत नाही: हेड उतरवण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न (वडाळा)

नमस्कार. माझा ट्रक २००६ सालचा, सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा आहे आणि तो वडाळ्याहून न्हावा शेवा येथे फेऱ्या करतो. गेला महिनाभर रेडिएटरमधले कूलंट (इंजिन थंड ठेवणारे रंगीत पाणी) रोज लिटरभर तरी कमी होते. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा अंथरला, तर सकाळी तो कोरडाच निघतो. होज पाइप व क्लिपा बदलून झाल्या, ऑइल दुधाळ झालेले नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूरही येत नाही. मात्र रेडिएटरचे झाकण काढून थंड इंजिन चालू केले की पाण्यात बुडबुडे येतात, आणि तेवढ्यावरून दोन मेस्त्रींनी हेड गॅस्केट (इंजिनाचे वरचे झाकण, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधली पट्टी) गेल्याचे सांगितले आहे. एक गोष्ट मात्र उलगडत नाही. सायन-पनवेल रस्त्यावर वाहतूक तुंबलेली असली की पाणी जास्त घटते. रात्रीच्या मोकळ्या फेरीत, माल तेवढाच असूनही, फारसे घटत नाही. तापमानाचा काटा दोन्ही वेळी जागच्या जागी असतो.

उत्तर (भांडुप)

पुठ्ठा कोरडा निघाला म्हणून बाहेर गळती नाही असे समजू नका, कारण तापलेल्या इंजिनावर बारीक गळतीचे पाणी खाली पडण्याआधीच वाळते. इंजिन पूर्ण थंड असताना हातपंपाने रेडिएटरमधल्या कूलंटला दाब द्या, पण झाकणावर कोरलेल्या आकड्यापेक्षा जास्त नको, आणि रात्रभर तसेच ठेवून पंपाचा काटा उतरतो का ते पाहा. स्टार्टरच्या मागचे कोअर प्लग (इंजिनातल्या पाण्याच्या वाटेची भोके बंद करणाऱ्या चकत्या) आरसा धरून तपासा. तिथे पाण्यापेक्षा कूलंटचा वाळलेला रंगीत थर आधी दिसतो.

उत्तर (कुर्ला, ट्रकच्या इंजिनांचे काम करतो)

वाहतुकीबद्दल आपण जे लिहिले आहे, तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तुंबलेल्या रस्त्यावर हवेवर चालणारा ब्रेक सतत दाबावा लागतो, हवा खर्च होते आणि ती दाबून भरणाऱ्या कॉम्प्रेसरला पुन्हा पुन्हा हवेची टाकी भरावी लागते. आपल्या कॉम्प्रेसरच्या हेडला इंजिनाच्या पाण्याच्या नळ्या जोडलेल्या असतील, तर तिथल्या गॅस्केटमधून किंवा तड्यातून हवा पाण्यात शिरत असावी. ब्रेकच्या हवेचा दाब सात-आठ बार असतो आणि पाण्याचा जेमतेम एक बार. त्यामुळे ती हवा कूलंटला ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या) नळीतून बाहेर ढकलते आणि ते धावत्या गाडीतून रस्त्यावर सांडून जाते. म्हणूनच थंड इंजिनावरची चाचणी रात्रभर निर्दोष उतरली, तरी कॉम्प्रेसर सुटला असे मानू नये.

चाकांना अडसर लावून गाडी सपाट जागी उभी करा आणि टाक्यांमधली हवा काढून कॉम्प्रेसरमधून टाकीकडे जाणारा पाइप सोडा. मग रेडिएटर थंड असतानाच झाकण काढून इंजिन चालू करा. बुडबुडे थांबले तर दोष कॉम्प्रेसरचा, चालूच राहिले तर हेडकडे वळावे. त्याआधी ओव्हरफ्लोच्या नळीला एक रिकामी बाटली बांधून एक फेरी करा. हवेच्या टाकीचा ड्रेन कॉकही (तळाची तोटी) उघडून पाहा. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेमुळे तिथे साधे पाणी साचतेच, पण ते रंगीत किंवा चिकट लागले तर शंकेला जागा उरत नाही.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचा अत्यंत आभारी आहे. रात्रभर दाबाचा काटा तसूभरही हलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी एकाच फेरीत बाटली निम्मी भरली. कॉम्प्रेसरचा पाइप सोडताच मिनिटभरात बुडबुडे थांबले. कॉम्प्रेसरचे हेड उतरवून मेस्त्रींनी त्यावर रॉकेल लावले, कोरडे पुसले आणि खडूची भुकटी फासली, तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठकीपासून पाण्याच्या वाटेपर्यंत केसाएवढी ओली रेघ हळूहळू उमटत गेली. टाकीतूनही हिरवट पाणी निघाले. इंजिनाच्या हेडला हात लावावा लागला नाही.

उत्तर (कुर्ला)

हिरवट पाणी निघाले असेल, तर केवळ कॉम्प्रेसरचे हेड बदलून गाडी रस्त्यावर काढू नका. सर्व टाक्या स्वच्छ हवा येईपर्यंत रिकाम्या करा आणि ब्रेकचे व्हॉल्व्ह उघडून आतली रबरे तपासून घ्या, कारण कूलंटने ती खराब होऊ शकतात व ब्रेक वेळेवर सुटत नाही. नंतर पाण्यातली हवा पूर्ण निघेपर्यंत इंजिन चालवा, ते थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरा आणि पुढच्या चार-पाच फेऱ्या ती बाटली तशीच बांधलेली राहू द्या.