मदत हवी आहे: आईच्या जेवणाबाबत कोणाचं ऐकावं?

नमस्कार. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. आईला मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. दादा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं धरून बसलाय: दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत. वहिनी आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं ऐकते, थोडं थोडं पण वेळेवर खायचं. मावशी म्हणते भात बंद, ज्वारीची भाकरी हवी तेवढी. अहो, पण ज्वारीतही पिष्ट असतंच ना!

मला खरी काळजी दादाच्या हट्टाची आहे. ग्लिमेपिराइड घेऊन जेवण लांबलं तर साखर एकदम उतरू शकते. गोळ्या चालू असताना दोन वेळच्या जेवणावर कोणी आलंय का? डॉक्टरांनी डोस आधी कमी केला का? भाकरी आणि शेंगाचटणी न सोडता तक्ता करून देणारे सोलापुरातले आहारतज्ज्ञही सुचवा. आई ओट्सला हात लावणार नाही.