हिवाळ्यात पक्षी गात नाहीत, मुलांना ऐकवू काय? मदत हवी आहे

केतकी_ज
घाईत लिहितेय. सोमवारपासून शाळांच्या सहली सुरू होतायत आणि माझा मुख्य कार्यक्रमच अडकलाय. एका संस्थेत हंगामी शिक्षक म्हणून लागलेय, विषय पक्षी. वेळापत्रकात 'गाणारे पक्षी ऐका' असं छापून शाळांना गेलंसुद्धा, आणि पक्षी गातच नाहीयेत. काल दयाळ अगदी समोरच्या फांदीवर होता, शेपटी ताठ वर, पण गाणं नाही. नुसतं चिडल्यासारखं चर्र चर्र करून झुडपात गेला. समन्वयक म्हणतात स्पीकरवर पक्ष्यांचे आवाज लावा, पक्षी आपोआप पुढे येतील. मला ते पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. लवकर सांगा कुणीतरी.

भांडुपकर
जागा कुठली? मुलं कितवीची? एका वेळी किती? नेता किती वाजता? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मीनल_दादर
केतकी, खूप छान काम करतेस. मुलांना चिमण्यांची घरटी करायला शिकव. आमच्या सोसायटीत लाकडी खोकी लावली, तर दोन वर्षांत चिमण्या परत आल्या. भोक सव्वा इंचाचं ठेवायचं, मोठं झालं की साळुंक्या घुसतात. खोकं सावलीत लावायचं. २० मार्चला चिमणी दिन असतो, त्याआधी करून घ्या.

केतकी_ज
@मीनलताई, थँक्यू, पण घरटी हा आत्ताचा प्रश्न नाहीये.
@भांडुपकर, आरे. पाचवी ते सातवी, पालिकेच्या शाळा, एका बसमधली पन्नासेक मुलं. बस साडेनऊला पोचते, त्याआधी शक्यच नाही. फेब्रुवारीअखेरपर्यंत हेच चालणार, रोज नवी शाळा.

रानवाट
साडेनऊ म्हणजे उशीरच, पण खरं कारण ते नाही. गाणं असतं विणीसाठी. नर आपली हद्द सांगतो, मादीला बोलावतो. दिवस मोठा व्हायला लागला की शरीरात बदल होतात आणि मग गळा सुटतो. दयाळ साधारण फेब्रुवारी-मार्चपासून रंगात येईल. नोव्हेंबरात त्याला हद्द सांगायची एवढी घाई नसते. उत्तरेकडून हिवाळ्यापुरते आलेले वटवटे, म्हणजे झुडपांतले छोटे पक्षी, इथे विणीला येतच नाहीत, त्यामुळे त्यांचं गाणं इथे क्वचितच कानावर पडतं.
पण हाका आहेत ना! वेळू वटवट्या झुडपात दिसत नाही, पण 'टक्… टक्…' करत राहतो, दोन दगड हळू आपटावेत तसा. शिंपी पक्षी बारा महिने ओरडतो, एवढासा जीव आणि आवाज केवढा. शिपाई बुलबुल, कोतवाल आहेतच. मुलांना गाणं आणि हाक यातला फरक सांग. इशारा, भीती, 'मी इथे आहे' ही प्रत्येक हाक वेगळी असते.

जुना_निरीक्षक
समन्वयकांचं अगदीच चूक नाही. मी वर्षानुवर्षं माणसांना पक्षी दाखवतोय. विणीचा हंगाम नसताना अर्धा मिनिट आवाज लावला तर पक्ष्याचं काही बिघडत नाही. मुलांनी पक्षी पाहिलाच नाही तर पक्ष्यांबद्दल आस्था यायची कुठून? तत्त्वं धरून बसलात तर मुलं कंटाळून घरी जातील.

रानवाट
काका, तुम्ही एकदा लावता, तिला रोज लावावं लागेल. तीच वाट, तीच झाडं, तोच शिंपी, चार महिने. तो दर सकाळी खाणं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत फिरणार. आणि पन्नास मुलांपैकी ज्यांच्या घरी फोन आहे ती संध्याकाळी गॅलरीत तेच करून बघणार. बाईंनी केलं म्हणजे ते बरोबरच, असं धरून चालतात मुलं.

जुना_निरीक्षक
रोज लावावं असं मी म्हटलेलं नाही. फोनचा मुद्दा मात्र मान्य.

शलाका_न्यूजर्सी
मी इथे अमेरिकेत मुलाच्या शाळेबरोबर पक्ष्यांच्या पायात ओळखीची वळी घालण्याच्या केंद्रावर गेले होते. तिथेही केतकीसारखी हंगामी शिक्षिका होती. शास्त्रज्ञ जाळ्यातून पक्षी काढून कापडी पिशवीत आणतात, वजन करतात, गळ्याखालची पिसं फुंकरीने बाजूला करून पिवळट चरबी किती साठलीय ते पाहतात, कारण स्थलांतराला तेच इंधन. शिक्षिका शेजारी उभी राहून मुलांना समजावते. पक्षी सोडला तेव्हा कुणाच्या तोंडून शब्द नाही. तुम्ही असं का करत नाही?

भांडुपकर
कारण परवानगी नसेल तर तो गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पकडणं हेसुद्धा शिकारीतच मोडतं. आपल्याकडे बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) अनेक दशकं वळी घालतेय, पण परवानगी घेऊन, शिकलेल्या हातांनी आणि संशोधनासाठी. शाळेच्या सहलीला कुणी जाळं लावायला सांगितलं तर साफ नाही म्हण. फोटो दाखव, चरबीची गोष्ट सांग, ती फार चांगली आहे.

आशा_गोरेगाव
आरेत बिबटे आहेत हे लक्षात असू द्या. मुलं मोजून न्या, मोजून आणा. कुणालाही एकटं झाडीत पाठवू नका.

सदानंद
एवढा काथ्याकूट कशाला? कोकिळेचं गाणं लावा बसमध्ये. सगळ्यांना आवडतं.

रानवाट
कोकीळ शास्त्रीय अर्थाने गाणाऱ्या पक्ष्यांत येतच नाही, आणि कावळा येतो! चिमणी, साळुंकी, बुलबुलही. यांच्या पिल्लांना गाणं मोठ्यांकडून ऐकून शिकावं लागतं. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, दिवसभर कावकाव ऐकतं, तरी नर मोठा झाला की कुहूच करतो. त्याचं गाणं उपजत असतं.
केतकी, सदानंदांनी तुझं काम सोपं केलं बघ. साडेनऊला कावळा हमखास हजर असतो. त्याच्यापासूनच सुरू कर.

सदानंद
कावळा गाणारा? हे पहिल्यांदाच ऐकलं. पटायला जड जातंय, पण कोकिळेच्या पिल्लाची गोष्ट नातवाला सांगणार.

वर्षा_ठाणे
विषयांतर करतेय, पण हंगामी म्हणजे मार्चपासून काय? माझी मुलगी याच क्षेत्रात आहे, दरवर्षी नव्याने अर्ज. याबद्दल कुणी बोलत नाही.

जुना_निरीक्षक
वर्षाताई, हे दुखणं जुनं आहे. सलीम अली १९२६ मध्ये आपल्या मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याते होते, म्हणजे काम केतकीचंच. रजा घेऊन जर्मनीला शिकायला गेले, १९३० मध्ये परतले तर पैशांअभावी ते पदच रद्द झालेलं. मग किहीमला राहायला गेले आणि तिथे सुगरणीचा अभ्यास झाला. म्हणून पगार नसला तरी चालतं असं मी म्हणत नाही. शिकवणाऱ्या माणसाला वर्षभराचं काम मिळालंच पाहिजे.

केतकी_ज
सगळ्यांचे आभार. समन्वयकांशी बोलले. 'रोज तोच पक्षी' हे त्यांना लगेच पटलं. आता असं ठरलंय: आधी शेडमध्ये दयाळाचं मार्चमधलं गाणं ऐकवायचं आणि फोनवर त्या आवाजाचा आलेख दाखवायचा. मग स्पीकर तिथेच ठेवून बाहेर. मुलांनी डोळे मिटून ऐकायचं आणि जी हाक येईल तिची रेघ खडूने पाटीवर काढायची, वर जाणारी, तुटक, जशी वाटेल तशी. आज शेजारच्या तीन मुलांवर करून पाहिलं. शिंप्यासाठी एकीने सरळ ओळीत ठिपके काढले, अगदी आलेखावर दिसतात तसे.
एक राहिलं. साडेनऊच्या उन्हात न्यायचं कुठे? मोकळ्या रस्त्यावर शुकशुकाट असतो.

भांडुपकर
गळका नळ किंवा डबकं शोध, बुलबुल उन्हातही पाण्यावर येतात. वटवट्यासाठी घाणेरीच्या जाळीपासून दहा पावलं लांब थांबायचं, आत शिरायचं नाही. आणि काटेसावरीची झाडं आत्ताच हेरून ठेव. जानेवारी-फेब्रुवारीत फुलली की साळुंक्या, कोतवाल, भोरड्या सगळे तिथेच, साडेनऊ काय नि अकरा काय.

रानवाट
पाट्यांचे फोटो काढून ठेव गं. फेब्रुवारीच्या शेवटी त्याच वाटेवर दयाळ गायला लागला, तर शेवटच्या शाळांच्या रेघा वेगळ्या येतील. त्या इथे नक्की टाक.